बिनकौलाची पेठ

सफरचंदाच्या बागांना एक कीड लागते. इंग्रज बागाईतदार तिला कोडलिंग मॉथ म्हणतात. आपल्या देशांत ती लडाखांतील बागांतून आढळते. हा करड्या रंगाचा लहानसा पतंग फळावर किंवा जवळच्या पानावर अंडें घालतो, अंड्यांतून निघालेली अळी साल पोंखरून थेट गाभ्यापर्यंत जाते, आणि फळ मात्र बाहेरून बराच काळ धडधाकट दिसतें. कीटकशास्त्रज्ञांनीं या किडीला दिलेलें नांव सिडिया पोमोनेला. २००८ च्या फेब्रुवारींत कॅलिफोर्नियांतील जे फ्रीमन नांवाच्या तरुणानें आयफोनसाठीं एक विनापरवाना दुकान उघडलें, तेव्हां त्या दुकानाला त्यानें हेंच नांव दिलें: सिडिया. आयफोन करणाऱ्या कंपनीचें नांव ॲपल, म्हणजे सफरचंद. तेव्हां या नांवांतील खोंच वेगळी उलगडून सांगावयास नको.

या सिडियाची, एका बाजाराच्या उदयास्ताची, हकीकत आज सांगावयाची आहे. श्रोतेहो, आपल्यापैकीं बहुतेकांच्या खिशांत आज या जातीचा एखादा फोन असेल, आणि पैसे मोजून घेतलेला असल्यामुळें तो आपल्या मालकीचा आहे असें आपण धरून चालत असाल. हें धरून चालणें कितपत बरोबर आहे, हा प्रश्न या हकीकतीच्या मुळाशीं आहे.

आयफोन प्रथम लोकांसमोर आला तो ९ जानेवारी २००७ रोजीं, सॅन फ्रान्सिस्को येथें. त्याची विक्री अमेरिकेंत सुरू झाली त्याच वर्षीं २९ जून रोजीं. यंत्र अपूर्व होतें, यांत वाद नाहीं. पण तें ज्या स्थितींत ग्राहकाच्या हातीं पडे ती स्थिति मोठी चमत्कारिक होती. पांचशें ते सहाशें डॉलर मोजून घेतलेल्या या वस्तूंत बाहेरचा एकहि प्रोग्राम घालण्याची सोय नव्हती. छायाचित्र काढतां येई, पण चलच्चित्र काढतां येत नसे. एका ठिकाणचा मजकूर उचलून दुसऱ्या ठिकाणीं ठेवणें हें संगणकावरील अगदीं बाळबोध काम, तेंहि त्यावर होत नसे. शिवाय एटी अँड टी या एकाच कंपनीच्या जाळ्यावर तो चाले. दुसऱ्या कंपनीचें सिमकार्ड घातलें कीं तो मुका. ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्झ यांची भूमिका अशी होती कीं, बाहेरच्या कारागिरांनीं फोनच्या आंत शिरूं नये. त्यांना कांहीं करावयाचेंच असेल तर त्यांनीं इंटरनेटवर पानें तयार करावीं, तीं फोनच्या ब्राउझरमधून दिसतील. पाहुण्यानें ओसरीवर बसावें, माजघरांत येऊं नये, असाच हा प्रकार होता.

जुन्या संगणकविद्येंत एखाद्या प्रोग्रामला फाइलींच्या एका ठराविक कोपऱ्यांतच कोंडून ठेवण्याची रीत आहे, आणि त्या कोंडवाड्याला त्या विद्येचे लोक जेल म्हणत आले आहेत. आयफोन संगणकाला जोडला असतां संगणकाला त्याच्या अशा एका कोपऱ्यापुरताच प्रवेश मिळे. गाणीं आणि चित्रें जेथें राहत तेवढाच. हा कोंडवाडा फोडणें म्हणजे जेलब्रेक. पुढें शब्दाचा अर्थ विस्तारला, आणि ज्याच्या हातांत फोन आहे त्याला त्या फोनवर सर्वाधिकार मिळवून देणारी कोणतीहि युक्ति या नांवानें ओळखली जाऊं लागली.

विक्री सुरू होऊन कांहीं आठवडे लोटले नाहींत तोंच हा कोंडवाडा फुटला. ऑगस्टमध्यें न्यू जर्सीच्या जॉर्ज हॉट्झ या १७ वर्षांच्या मुलानें फोन उघडून, आंतील जोडणींत डाख लावून, तो एटी अँड टीच्या बंधनांतून सोडविला. आणि असा मोकळा केलेला एक फोन देऊन त्याच्या बदल्यांत निसान कंपनीची एक मोटार व तीन नवे आयफोन मिळविले. ॲपल स्वस्थ बसणार नव्हतीच. सप्टेंबरच्या अखेरीस तिनें फोनच्या सॉफ्टवेअरची सुधारलेली आवृत्ति पाठविली, आणि ती घेतांच मोकळे केलेले कित्येक फोन निपचित पडले. अशा फोनला लोक वीट म्हणूं लागले. यावर ऑक्टोबरांत उलट डाव पडला. एका ठराविक पत्त्यावर जाऊन एक चित्र उघडलें कीं पुरे. चित्राच्या फाइलींतच अशी कांहीं गोम ठेवलेली असे कीं, ती वाचतां वाचतां फोनची बुद्धि भ्रमे आणि दरवाजा उघडे. गंमत अशी कीं, आंत शिरल्यावर हीच युक्ति तें छिद्र स्वतः बुजवून टाकी. मागाहून एखाद्या खऱ्या चोरानें त्याच वाटेनें येऊं नये म्हणून ही दक्षता. घरफोड्यानें जातां जातां मोडकी कडी दुरुस्त करून जावें, असा हा न्याय पुढेंहि या मंडळींनीं एकदां पाळलेला दिसेल.

आपल्या इकडच्या लोकांचा या प्रकरणाशीं संबंध आला तो याच सुमारास. हिंदुस्थानांत आयफोनची अधिकृत विक्री सुरू झाली २२ ऑगस्ट २००८ रोजीं, एअरटेल आणि व्होडाफोन या कंपन्यांमार्फत. किंमत ३१,००० रुपयांपासून पुढें. अमेरिकेंत तोच फोन दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरांस मिळत होता. तेव्हां तोपर्यंत, आणि त्यानंतरहि पुष्कळ काळ, कोणाचा मुलगा, कोणाचा जांवई अमेरिकेहून येतांना फोन घेऊन येई, आणि येथें आल्यावर तो येथील सिमकार्डावर बोलेना. त्याला बोलतें करावयाचें तर आधीं जेलब्रेक हवा. पुढें २००९ पासून तर हें सिमचें बंधन सोडविणारा प्रोग्रामहि सिडियाच्याच दुकानांतून मिळूं लागला. पुण्यामुंबईच्या ज्या घरांत संगणकविद्येचा गंध नव्हता अशा घरांतील फोनवरहि सिडियाचें तपकिरी चिन्ह दिसे, तें या अडचणीमुळें.

आपल्याकडे पेशवाईंत नवी पेठ वसवावयाची तर आधीं सरकारांतून कौल घ्यावा लागे. शेटे-महाजन नेमले जात, कांहीं वर्षें जकातीची माफी मिळे, आणि मग वाणी, सोनार, कासार येऊन दुकानें मांडीत. सिडियाची पेठ वसली ती कौलावांचून, आणि तीहि तटाला पडलेल्या खिंडारांत. कौल दिलेली पेठ त्याच तटाच्या आंत ॲपलनें थोड्या महिन्यांनीं स्वतः उघडली. बाहेरच्यांना प्रवेश नाहीं हा आपला हट्ट जॉब्झ यांनीं २००७ च्या ऑक्टोबरांत सोडला, आणि १० जुलै २००८ रोजीं सुमारें पांचशें ॲप घेऊन ॲप स्टोअर सुरू झालें. पहिल्या तीन-चार दिवसांतच एक कोटी ॲप लोकांनीं उतरवून घेतलीं. कौलाच्या अटी स्पष्ट होत्या: प्रत्येक वस्तु आधीं कंपनीनें तपासावयाची, विक्रीचे शेंकडा तीस कंपनीचे, आणि फोनच्या मूळ वागणुकींत कोणीहि हात घालावयाचा नाहीं. खिंडारांतली पेठ या अधिकृत पेठेच्या आधीं वसली होती, ही गोष्ट पुढें पुष्कळ जण विसरले.

सिडिया हें या खिंडारांतील पहिलें दुकान नव्हे. त्यापूर्वीं इन्स्टॉलर नांवाचा एक प्रोग्राम होता, आणि फोनची दुसरी मोठी आवृत्ति आली त्या उलथापालथींत तो मागें पडला. सिडिया टिकलें याचें श्रेय मला वाटतें फ्रीमन यांच्या एका निवडीला आहे. त्यांनीं नवी पद्धति शोधून काढली नाहीं. डेबियन या लोकांनीं लोकांसाठीं चालविलेल्या संगणकप्रणालींत मालाच्या गांठोड्यांची जी व्यवस्था वर्षानुवर्षें सिद्ध झालेली होती, तीच उचलून फोनवर आणली. कोणती वस्तु कोणत्या वस्तूवांचून चालत नाहीं, कोणती कोणाशीं भांडते, कोणती कोणत्या क्रमानें बसवावयाची, हें सारें ती व्यवस्था आपोआप पाही. माल दुकानदाराचा नव्हे. भांडारें निरनिराळ्या लोकांचीं, बिगबॉस, मॉडमाय अशा नांवांचीं. सिडिया म्हणजे त्या सर्व भांडारांकडे नेणारा रस्ता आणि त्यावरची चौकी. ज्याला वाटेल त्यानें आपलें भांडार उघडावें आणि त्याचा पत्ता लोकांना सांगावा. चोरीच्या मालाबद्दल कुप्रसिद्ध असलेल्या भांडाराचा पत्ता कोणी घातला, तर चौकीवर त्याला इशारा मिळे.

पण फ्रीमन यांची खरी कारागिरी दुसरीकडे आहे. ॲपलच्या प्रोग्रामांत फेरफार करावयाचा तर सरळ मार्ग म्हणजे मूळ फाइल फोडून तींत खाडाखोड करणें. दोन कारागिरांनीं एकाच फाइलींत खाडाखोड केली कीं सगळाच गोंधळ. फ्रीमन यांनीं सबस्ट्रेट नांवाची एक योजना केली. नाटकाच्या छापील संहितेला हात न लावतां विंगेंतील प्रॉम्प्टरनें ऐनवेळीं नटाला वेगळें वाक्य सुचवावें, तसें हें होतें. मूळ प्रोग्राम जसाच्या तसा. तो चालत असतांना मात्र नेमक्या ठिकाणीं दुसऱ्याचें वाक्य त्याच्या तोंडीं घातलें जाई. नट अडखळून पडलाच, तर फोन पुन्हां सुरू होई तो प्रॉम्प्टराला विंगेबाहेर काढून, निव्वळ मूळ संहितेवर. या एका सोयीमुळें शेंकडों अनोळखी कारागिरांच्या वस्तु एकाच फोनवर एकत्र नांदूं शकल्या. त्यांना ट्वीक म्हणत. मराठींत आपण फेरफार म्हणूं.

आणि फेरफार तरी किती तऱ्हेचे! फोनच्या तोंडवळ्याचे रंग आणि चिन्हें बदलणारे होते, एका बोटानें वायफाय चालू-बंद करणारे होते, फोनचें इंटरनेट संगणकाला पुरविणारे होते. चलच्चित्र काढण्याचा प्रोग्राम फ्रीमन यांनीं स्वतः फुकट दिला. ॲपलचा फोन तें काम करूं लागला जून २००९ मध्यें, आणि तेंहि नवा फोन विकत घेणाराला. त्याच वर्षीं मार्चच्या सुमारास सिडियावर पैसे घेऊन विक्री सुरू झाली, आणि हौसेच्या जत्रेची रीतसर पेठ झाली.

या पेठेची आणि तटाच्या धन्याची नातीं कशीं होतीं, हें एका उदाहरणानें नीट ध्यानांत येईल. त्या काळीं आयफोनवर गाणीं, चित्रें, वेळापत्रक घालावयाचें तर तो तारेनें संगणकाला जोडावा लागे. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्यानें हें काम बिनतारी करणारें वायफाय सिंक नांवाचें ॲप तयार केलें आणि रीतीप्रमाणें मे २०१० मध्यें ॲपलकडे परवानगीसाठीं पाठविलें. ॲपलनें तें नाकारलें. विद्यार्थी तें घेऊन सिडियाकडे गेला. ९ डॉलर ९९ सेंट किंमत लावली, आणि वर्षभरांत पन्नास हजारांहून अधिक प्रती खपल्या. म्हणजे जवळ जवळ पांच लाख डॉलरांची विक्री, तीहि एका विद्यार्थ्याच्या एका वस्तूची! जून २०११ मध्यें ॲपलनें आपल्या पुढील आवृत्तींतील नवलाईच्या गोष्टी जाहीर केल्या. त्यांत ही सोय होती. नांव वायफाय सिंक, आणि तिचें चिन्हहि त्या विद्यार्थ्यानें काढलेल्या चिन्हाशीं थक्क व्हावें इतकें मिळतें. बिनतारी जोडणी ही कल्पना कोणालाहि सुचण्यासारखी आहे, नांवहि सरळ आहे, हें मला मान्य आहे. तरीहि ज्या वस्तूला वर्षापूर्वीं दारांतून परत पाठविलें, तीच वर्षानें आपल्या ताटांत वाढून आणणें, याला काय म्हणावें तें श्रोत्यांनीं ठरवावें.

आतां कायद्याविषयीं थोडें सांगतों, कारण येथें एक मोठा गैरसमज रूढ आहे. सिडिया हें बेकायदेशीर दुकान होतें आणि कायद्यानें तें बुडविलें, असें पुष्कळांना वाटतें. वस्तुस्थिति जवळ जवळ उलट आहे. अमेरिकेंत १९९८ चा डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट आहे. कॉपीराइटच्या रक्षणासाठीं घातलेलें कुलूप फोडणें हाच त्यांत अपराध ठरविला आहे. पण दर तीन वर्षांनीं कांहीं कुलुपांना सूट देण्याची तरतूदहि त्यांत आहे, आणि ही सूट देण्याचा अधिकार कोणाला, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ग्रंथपालाला, कारण कॉपीराइटची कचेरी त्या ग्रंथालयांत आहे. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनें फोनसाठीं सूट मागितली. ॲपलनें २००९ मध्यें कडाडून विरोध केला. अशा फोनवरून दूरध्वनीचे मनोरेच बंद पाडतां येतील, इथपर्यंत तिची तक्रार गेली. ग्रंथपालांनीं २६ जुलै २०१० रोजीं सूट दिली. आपल्या फोनवर आपल्या पसंतीचें, रीतसर मिळविलेलें सॉफ्टवेअर चालविण्यासाठीं कुलूप फोडणें हा अपराध नव्हे, असें ठरलें. २०१२ मध्यें ती सूट पुढें चालू राहिली, २०१५ मध्यें टॅब्लेटलाहि मिळाली. अर्थात् फोडण्याची मोकळीक मिळाली म्हणून तट कच्चा ठेवण्याची सक्ति धन्यावर झाली नाहीं. दार तोडल्यास शिक्षा नाहीं, पण दार दरवर्षीं अधिक जाड होणार, हा या निर्णयाचा व्यवहारांतील अर्थ होता.

यापुढील तीन वर्षें पेठेच्या भरभराटीचीं. २०१० मध्यें रॉक नांवाचें प्रतिस्पर्धी दुकान सिडियानें विकत घेतलें. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांप्रमाणें आठवड्याला ४५ लाख लोक सिडियावर येत, वर्षाची उलाढाल एक कोटी डॉलर होती, आणि आदल्या वर्षीं कर वजा जातां निव्वळ नफा उरला होता अडीच लाख डॉलर. उलाढाल आणि नफा यांतील हें अंतर लक्षांत ठेवण्यासारखें आहे. फेब्रुवारी २०१३ मध्यें चौघांच्या एका मंडळीनें सहाव्या आवृत्तीचा जेलब्रेक बाहेर काढला, तेव्हां चार दिवसांत सुमारें सत्तर लाख फोन आणि टॅब्लेट फुटले. त्यानंतर इतकी गर्दी या पेठेनें पाहिली नाहीं.

गर्दी म्हटली म्हणजे खिसेकापूहि आले. तट फोडलेल्या सर्व फोनांचा मूळ परवलीचा शब्द एकच होता आणि तो जगाला ठाऊक होता; कित्येकांनीं दूरवरून फोनमध्यें शिरण्याचा दरवाजा बसवून घेतला, पण शब्द बदलला नाहीं. नोव्हेंबर २००९ मध्यें ऑस्ट्रेलियांतील एका तरुणानें सोडलेली कीड अशा फोनांतून पसरली आणि पडद्यावर रिक ॲस्टली या गायकाचें चित्र लावीत सुटली. हा थट्टेचा प्रकार होता. २०१५ च्या ऑगस्टमध्यें उघडकीस आलेला प्रकार थट्टेचा नव्हता. जेलब्रेक केलेल्या फोनांतून सव्वादोन लाख ॲपल खात्यांची माहिती चोरीस गेली होती. शिवाय विकत घ्यावयाचीं ॲप फुकट वाटणारें इन्स्टॉलस नांवाचें एक चोरबाजारी दुकानहि २०१२ च्या अखेरीपर्यंत चालत होतें. त्याच्याशीं सिडियाचा संबंध नव्हता, पण रस्ता एकच असल्यामुळें शिंतोडे सिडियावर उडत.

आतां उतरती कळा. तिचें पहिलें कारण वायफाय सिंकच्या हकीकतींत आलेंच आहे. पेठेंतील माल एक एक करून ॲपलनें आपल्या कोठारांत नेला. एका वेळीं अनेक ॲप चालविण्याची सोय २०१० मध्यें आली. सूचना पडद्यावर नीट मांडणें २०११ मध्यें. आणि अशाच कामाचा फेरफार लिहिणाऱ्या तरुणाला त्याच वर्षीं कंपनीनें नोकरीसहि घेतलें. वायफायचें बटण चटकन हातीं देणारी पट्टी २०१३ मध्यें, निराळे कळफलक २०१४ मध्यें, रात्रीं पडद्याचा प्रकाश तांबूस करणें २०१६ मध्यें. दर पावसाळा सरला कीं नवी आवृत्ति येई आणि पेठेंतलीं चार-दोन दुकानें ओस पडत. ग्राहकाच्या दृष्टीनें पाहिलें तर यांत वाईट कांहींच झालें नाहीं; जें हवें होतें तें घरबसल्या मिळालें. मात्र जे कारागीर पहिल्यानें तें करून दाखवीत, त्यांची पुढल्या वर्षाची भाकरी दर वेळीं जाई.

दुसरें कारण मला अधिक महत्त्वाचें वाटतें, आणि त्याचा उच्चार मात्र क्वचितच होतो. ही सगळी पेठ उभी होती ती खिंडारावर, आणि खिंडार ही वस्तु दुकानदाराला घडवितां येत नाहीं. ती दुसऱ्या कोणाला तरी सांपडावी लागते. पहिल्या काळांत हीं छिद्रें शोधणारे हौशी तरुण होते, कीर्ति मिळाली कीं तृप्त होणारे. कोमेक्स या टोपणनांवाच्या तरुणानें जुलै २०११ मध्यें नुसतें एक पान उघडून होणारा जेलब्रेक जगाला फुकट दिला, आणि त्याबरोबर तें छिद्र बुजविण्याची लांबीहि सिडियावर ठेवली. ॲपलची स्वतःची दुरुस्ती येईपर्यंत सुमारें नऊ दिवस गेले. तेवढ्या दिवसांत ज्यांनीं फोन फोडला तेच सुरक्षित, आणि ज्यांनीं कंपनीची मर्यादा पाळली त्यांचें दार सताड उघडें! पुढील महिन्यांत कोमेक्सला ॲपलनेंच उमेदवारीवर घेतलें.

पण ज्या छिद्रांतून हौशी माणूस शिरतो त्याच छिद्रांतून हेर शिरतो. सप्टेंबर २०१५ मध्यें झेरोडियम नांवाच्या कंपनीनें, दुरून आयफोन फोडून देणाऱ्याला दहा लाख डॉलर देण्याचें जाहीर केलें. वर्षानें ही रक्कम पंधरा लाखांवर गेली. हीं छिद्रें ती सरकारांना विकीत असे. ऑगस्ट २०१६ मध्यें संयुक्त अरब अमिरातींतील अहमद मन्सूर या मानवी हक्कांच्या कार्यकर्त्याच्या फोनवर एक संशयास्पद संदेश आला. त्यानें तो न उघडतां टोरांटो विद्यापीठांतील सिटिझन लॅबच्या संशोधकांकडे पाठविला. संदेशांतील दुव्यामागें तीन छिद्रें एकापुढें एक रचून ठेविलेलीं होतीं. दुवा उघडतांच फोनचा जेलब्रेक होऊन आंत इस्रायलमधील एनएसओ कंपनीचें पेगॅसस हें हेरगिरीचें सॉफ्टवेअर बसलें असतें. म्हणजे पांच वर्षांपूर्वीं मुलें ज्या गोष्टीनें फोनची पाटी रंगवीत, तीच गोष्ट आतां एका माणसाला तुरुंगांत धाडण्याचें साधन झाली होती. मन्सूर यांना पुढें २०१७ मध्यें अटक झाली आणि २०१८ मध्यें दहा वर्षांची शिक्षा झाली. अशा काळांत ॲपलनें तट जाड केला तर तिला दोष कसा द्यावा? तिनेंहि २०१६ मध्यें छिद्र दाखवून देणाऱ्यास दोन लाख डॉलरांपर्यंत बक्षीस ठेविलें, तें २०१९ मध्यें दहा लाखांपर्यंत नेलें. ज्या वस्तूला एका हातानें हेर आणि दुसऱ्या हातानें धनी लाखों डॉलर देतो, ती वस्तु पेठेंत फुकट वांटणारा औदार्याचा पुतळा किती दिवस भेटणार?

म्हणून जेलब्रेक विरळ झाले, आणि जे निघत तेहि अर्धेमुर्धे. २०१६ नंतरच्या बहुतेकांत फोन बंद करून पुन्हां सुरू केला कीं खिंडार मिटे; तें पुन्हां पाडण्याचें ॲप फुकट खात्यावरून बसविलें असेल तर त्याचीहि मुदत सात दिवसांची. घरांतील शहाणीं माणसें अशा खटाटोपांतून हळूहळू अंग काढून घेऊं लागलीं. राहिले ते खरे नादी. नोव्हेंबर २०१७ मध्यें मॉडमाय आणि झोडटीटीडी हीं सिडियाचीं दोन जुनीं भांडारें नवा माल घेईनाशीं झालीं. सिडियाची व्यवस्था फ्रीमन यांच्या एकट्याच्या खांद्यावर येऊन पडली होती. जुन्या खरेदीच्या नोंदी संभाळणें, पैशांचा हिशेब, भाडें, आणि ग्राहकांच्या तक्रारी. डिसेंबर २०१८ मध्यें खरेदीच्या यंत्रणेंत एक दोष कोणी दाखवून दिला: अविश्वासू भांडार पाहणाऱ्या ग्राहकाच्या खात्यावर त्याला नकळत खरेदी होऊं शकत होती. फ्रीमन यांनीं यंत्रणा दुरुस्त करण्याऐवजीं विक्रीच बंद केली. दुकान तोट्यांत आहे आणि त्यांत आपलें मन उरलेलें नाहीं, असें त्यांनीं मोकळेपणानें लिहिलें. ज्यांनीं आधीं माल घेतला होता त्यांना तो उतरवून घेण्याची मुभा ठेविली. गाजावाजा न करतां फळ्या लागल्या. सिलिओ, झेब्रा अशीं नवीं दुकानें त्याच रस्त्यावर आलीं, पण तीं नाद्यांच्या वस्तींतलीं.

त्यानंतर दोन वर्षांनीं, १० डिसेंबर २०२० रोजीं, फ्रीमन यांच्या कंपनीनें कॅलिफोर्नियांतील केंद्रीय न्यायालयांत ॲपलवर मक्तेदारीविरोधी दावा लावला. न्यायाधीश यव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनीं जानेवारी २०२२ मध्यें तो मुदतीबाहेरचा ठरवून दुरुस्तीची संधि दिली, आणि मे महिन्यांत, अलीकडच्या तांत्रिक बदलांवर आधारलेला भाग पुढें चालूं दिला. त्याच २०२२ च्या फेब्रुवारींत फ्रीमन यांचें नांव वेगळ्याच कारणानें वर्तमानपत्रांत आलें होतें. ऑप्टिमिझम नांवाच्या आभासी चलनाच्या एका जाळ्यांत त्यांना छिद्र सांपडलें, त्यांनीं तें जाळ्याच्या चालकांना कळविलें, आणि त्यांना २०,००,०४२ डॉलर बक्षीस मिळालें. सिडिया भर बहरांत असतांना तिनें वर्षाला जो नफा दिला, त्याच्या आठपट रक्कम एका छिद्राची!

मार्च २०२४ मध्यें युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टनुसार ॲपलला संघाच्या सत्तावीस देशांत दुसऱ्यांच्या पेठांना दार उघडावें लागलें. १७ एप्रिल रोजीं रायली टेस्टट यांची ऑल्टस्टोअर पाल ही पेठ तेथें सुरू झाली. या पेठेस कौल आहे, आणि कौलाच्या अटीहि आहेत. प्रत्येक ॲप आधीं ॲपलकडून तपासून, तिचा शिक्का घेऊनच मांडावें लागलें. पेठ चालविणाऱ्यास प्रत्येक ग्राहकामागें वर्षाला अर्धा युरो ॲपलकडे भरावा लागणार होता, म्हणून टेस्टट यांनीं आरंभीं ग्राहकांकडून दीड युरो वार्षिक वर्गणी घेतली. तेथें जुन्या यंत्रांवरील खेळ मिळाले, ॲपलनें आपल्या दुकानांत कधीं घेतलीं नसतीं अशीं कांहीं ॲपहि मिळालीं. प्रॉम्प्टर मात्र तेथें नाहीं. ज्या फेरफारांसाठीं लोक सिडियाकडे जात, ते मांडण्यास या कौलांत जागा ठेविलेली नाहीं.